डाळ शिजेल तिथं घर

…आणि स्टो पेटवून पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं मात्र, विहिरीवरचे तिन्ही बाप्ये धोतराचे सोगे मुठीत धरून उसात पसार! काल इथवर आलो होतो, नाही का? मग तुमच्या जांभया सुरू झाल्या. जांभई देणाऱ्यापुढं गोष्ट सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून म्हटलं, राहू दे उद्यावर.

तर ते पळाले का, ते आधी. साल एकोणीसशे शहात्तर, मार्चचा महिना, गाव कासुर्डी, यवतच्या पलीकडं सोलापूर रस्त्यावरचं. त्या दिवसांत नसबंदीच्या कॅम्पांची अशी हवा होती, की खाकी पँटीतला अनोळखी माणूस शिवारात दिसला की बाप्ये आधी पळत आणि कोण आलं होतं ते मागाहून विचारत. आणि आमच्या बन्यामीनमामांची पँट खाकीच, रेल्वेची. सायकलच्या कॅरिअरला कातडी पिशवी. पिशवीतून काढलं काय, तर वातीचा स्टो आणि घासून चकचकीत केलेलं जर्मनचं पातेलं. विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, मांडी घातली आणि लागले पाणी उकळायला. डॉक्टर लोक हत्यारं उकळून घेतात, हे एव्हाना गावोगाव ठाऊक झालेलं. आता त्या तिघांचा काय दोष, सांगा!

मामा आपले ओरडतायत, “अहो, थांबा! मी घरजागा बघायला आलोय!”

उसातून उत्तर आलं, “साहेब, मला तिन्ही पोरीच हायत! पुढच्या साली या!”

मामांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली, सोडली आणि मूठभर तुरीची डाळ त्या उकळत्या पाण्यात टाकली. तेव्हा कुठं उसातून एक मुंडासं वर आलं. ते म्हाळूचं, विहिरीच्या मालकाचं.

“डाळ हाय व्हय?”

“डाळ हाय.”

“नुसती?”

“नुसती.”

“मग मीठ तरी आणायचं होतं,” म्हणत म्हाळू बाहेर आला. त्याच्या मागून बाकीचे दोघे. मग चौघं त्या पातेल्याभोवती बसून राहिले, शेकोटीभोवती बसावं तसे. तास झाला, सव्वा तास झाला. डाळ आपली खाली-वर उड्या मारतेय, पण दाणा बोटात धरला तर छर्ऱ्यासारखा. म्हाळू म्हणाला, “डाळ जुनी असंल तुमची.”

“डाळ नवी हाय,” मामा म्हणाले, “पाणी जड हाय तुमचं.”

पातेलं उपडं केलं, तर तळाला पांढरा खार. मामांनी तो नखानं खरवडला, जिभेच्या टोकाला लावला, थुंकले आणि सायकलला टांग मारली. म्हाळू मागून ओरडला, “अवो, जागा तरी बघा! पूर्वेचं तोंड हाय!” पण मामांना तोंडाशी काय करायचं होतं?

आता तुम्ही म्हणाल, हा कुठला येडा, जागा बघायला निघालेला आणि डाळ शिजवत फिरणारा? तर त्याचं असं आहे.

बन्यामीन साळवे हे दौंडच्या लोको शेडातले. अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, इंजिनांचे बॉयलर धुण्याचं. इंजिन शेडात आलं की आग काढायची, बॉयलर निवू द्यायचा, खालची बुचं काढून जोराचं पाणी मारायचं आणि आत धरलेला खार लोखंडी सळईनं खरवडून काढायचा. खार राहिला की नळ्या तापतात, फुटतात, मग गाडी माळावर उभी. त्यामुळं मामांची पाण्याकडं बघायची नजरच वेगळी. कुठल्या स्टेशनावर पाणी पिऊन इंजिन आलंय, ते खाराच्या रंगावरून सांगत. ड्रायव्हर लोक मुद्दाम पैज लावत आणि हरत.

जूनअखेरीला मामा रिटायर होणार होते. रिटायर म्हणजे क्वार्टर खाली करायचं. मुलगा याकोब खडकीला, दोन खोल्यांत बायको-पोरांसह. तो म्हणे, “या की इकडं.” प्रेमाबाई म्हणायच्या, “सुनेच्या दोन खोल्यांत मी तिसरी भिंत होऊन कशाला राहू?” प्रेमाबाई म्हणजे मामांची बायको. बोलण्यात धार, पण मनानं साखर. गुडघे मात्र गेलेले. चालताना भिंतीला हात लागायचा.

खरी गोष्ट ही, की मामांना जन्मात एकदा आपल्या मालकीच्या जागेत राहायचं होतं. लहानपण शिरूरच्या मिशन कंपाउंडात गेलं. मानमोडीची साथ आली होती ना, एकोणीसशे अठराला, घरंच्या घरं झोपवली तिनं. त्या दिवसांत कुणीतरी एक तान्हं पोर आणून मिशनच्या दारात ठेवलं. आई कोण, बाप कोण, गाव कुठलं, कुणाला पत्ता नाही. कंपाउंडातलं सगळ्यात धाकटं पोर, म्हणून बायबलातल्या धाकट्या भावाचं नाव ठेवलं, बन्यामीन. साळवे हे तिथल्या आचाऱ्याचं आडनाव, ते त्यानं आपणहून दिलं. पुढं रेल्वे, रेल्वेचं क्वार्टर. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांत डोक्यावरचं छप्पर एकदाही स्वतःचं नाही. भिंतीत खिळा मारायचा तरी आधी विचारायचं.

फंडाची रक्कम मिळणार होती, तेवढ्यात मावेल असं घर बांधायचं. तलाठ्यानं सांगितलं, “तुम्ही शेतकरी नाही, शेतजमीन तुम्हाला घेता यायची नाही. गावठाणातली घरजागा बघा.” मामा म्हणाले, “मला तरी नांगर कुठं धरता येतोय?” चार दिवसांची रजा टाकली, टायरात हवा भरली.

आणि प्रेमाबाईंनी अट घातली. एकच.

“जागा तुमची तुम्ही बघा, मला त्यातलं कळत न्हाई. पण जिथं डाळ शिजत न्हाई तिथं मी मरंस्तोवर चूल फुंकत बसणार न्हाई. सोडा टाकून डाळ मी कवा केली न्हाई, आन् करणार बी न्हाई.” असं म्हणून एकाच डब्यातल्या डाळीच्या पाच पुरचुंड्या बांधून दिल्या. “एकाच डाळीच्या दिल्यात. न्हाई तर दोष पाण्याचा का डाळीचा, ह्यावर तुम्ही मालकाशी भांडत बसाल.”

मामांना ही अट मनापासून पटली. बॉयलर धुणाऱ्याला आणखी कसली अट पटणार?

तर पहिली पुरचुंडी कासुर्डीत गेली. दुसरी गेली चौफुल्याच्या अलीकडं, कालव्याच्या खालच्या अंगाला. तिथं तर पाणी बघूनच मामांनी मान हलवली होती. कालव्यानं पाझरून पाझरून जमीन पांढरी झालेली, बांधावर पाय ठेवला की पीठ सांडल्यासारखं. तरी मालक हटून बसला म्हणून स्टो पेटवला. तासाभरानं मालकच म्हणाला, “जाऊ द्या, मामा. रॉकेल महाग झालंय.” त्या रात्री केडगावला ओळखीच्या घरी मुक्काम टाकला.

दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठाला. गावाचं नाव घेत नाही, आपल्या सोयरिकी आहेत तिकडं. पण गाव असं, की बघताच जीव बसावा. नदीचा थंड वारा, चिंचेच्या रांगा, काळीभोर जमीन. जागा साहेबरावांची. साहेबराव म्हणजे बोलायला लोण्यासारखा माणूस. मामांनी ‘साळवे, रेल्वेतले’ म्हणून सांगितलं, तर त्यांनी खुर्ची मांडायला लावली. “या, साळवेसाहेब! रेल्वेवाला शेजार म्हंजी नशीबच की! तिकिटाचं तरी बघता येईल.”

मामांनी विहिरीत आपला डालड्याचा डबा सुतळीनं सोडला. अर्ध्या विहिरीवर पाणी, निळंशार. चव घेतली. डोळे मिटून घेतली. मग स्टो पेटवला आणि घड्याळ गुडघ्यावर ठेवलं. पस्तीस मिनिटांत डाळ अशी शिजली म्हणता, की पळी फिरवली तर दाणा सापडेना. पातेल्याचा तळ स्वच्छ. मामांच्या तोंडावर हसू मावेना. प्रेमाबाई इथं चुलीपाशी बसलीय, खिडकीतून नदी दिसतेय, असं सगळं तिथंच डोळ्यांपुढं उभं राहिलं. खिडकी कुठल्या भिंतीला ठेवायची, तेही ठरून गेलं.

साहेबराव म्हणाले, “मग कागदावर नाव काय घालायचं? पूर्ण सांगा.”

“बन्यामीन साळवे.”

“बन्या…?”

“बन्यामीन.”

“हां हां. म्हंजी ख्रिश्चन?”

“व्हय.”

साहेबरावांनी आणखी विचारलं, “आन् अगोदरचं?”

मामांना प्रश्न कळला. न कळायला काय झालं? जन्मभर ऐकलेला. ते म्हणाले, “ठावं न्हाई.”

“ठावं न्हाई म्हंजी?”

“म्हंजी ठावं न्हाई. तान्हा होतो तवा कुणीतरी मिशनच्या दारात ठेवलं. ठेवणारा काय बोलला न्हाई, आन् मला तवा बोलता येत नव्हतं.”

आता झाली पंचाईत! साहेबरावांना या माणसाला कुठल्या फळीवर ठेवावं तेच कळेना. वरच्या फळीवर ठेवावं तर खालचा निघायचा, खालच्या ठेवावं तर उगाच पाप लागायचं. शेवटी शहाण्या माणसानं करावं ते त्यांनी केलं, जपून राहायचं ठरवलं. चहा आला. साहेबरावांचा कपबशीत, मामांचा काचेच्या ग्लासात. ग्लास स्वच्छ होता, चहाही तोच, आलं घातलेला.

“जागा तुम्हालाच,” साहेबराव म्हणाले, “शब्द म्हंजी शब्द. फकस्त विहीर आमची चार भावांची, माझं एकट्याचं चालत न्हाई. तुमच्या दाराशी एक हौद बांधून घ्या. आमचा गडी रोज सकाळी येऊन त्यात पाणी ओतत जाईल. तुम्हाला विहिरीवर यायची तोशीसच नको.”

मामा हातातला डबा बघत बसले. मघाशी त्यांनीच सोडला होता विहिरीत. साहेबरावांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण ते दुसरीकडं बघायला लागले. वाईट माणूस नव्हता तो, बरं का. वाईट असता तर मामांना सोपं गेलं असतं.

“विचार करतो,” मामा म्हणाले.

“करा की. पण लवकर करा. गिऱ्हाइकं रांगेत हायत.”

रस्ता धरला न्हावऱ्याचा. सायकल चालवताना माणूस एकटा असतो आणि एकटा माणूस स्वतःशी फार भांडतो. मामा म्हणत, अरे, हौदात पाणी पडलं म्हणजे झालं. कुणाच्या हातानं पडलं, डाळीला थोडंच कळतंय? क्वार्टरात नळाला पाणी येतं, ते तरी तू ओढतोस का? पंपावरचा माणूस सोडतो तेव्हा येतं. मग पुढचा चढ लागे. दम लागला की दुसरा विचार येई. गड्याला एखाद दिवशी ताप आला तर? साहेबरावांच्या घरी लग्न निघालं आणि गडी तिकडं अडकला तर? प्रेमा कोरड्या हौदापाशी उभी राहणार आणि मी विहिरीच्या काठापासून वीस पावलांवरून हाक मारणार, ‘मालक, पाणी पाठवा हो!’ वयाच्या साठीत. आणि ते आपलं घर!

पण पस्तीस मिनिटांत शिजलेली डाळ काही डोक्यातून जाईना. आणि प्रेमाबाईचे गुडघे.

रात्र न्हावऱ्याच्या धर्मशाळेत काढली. सकाळी सायकल पंक्चर. दुरुस्त करणारा चांगदेव गप्पिष्ट. काम कमी, चौकशा जास्त. त्यानं सांगितलं, “करड्याला एक म्हातारी घरजागा काढतीय. पण जाऊ नका. चार गिऱ्हाइकं तिनं परतवून लावली. एकाला म्हणाली, तुझा आवाज मला आवडला न्हाई!”

मामांनी विचारलं, “पाणी कसं हाय तिथलं?”

“पाणी? म्हातारीपेक्षा कडक.”

का कुणास ठाऊक, मामा गेले. पुरचुंड्या दोन उरल्या होत्या म्हणा, किंवा भीमेकाठचा निर्णय थोडा लांबणीवर टाकायचा होता म्हणा.

करडं म्हणजे माळरान. गावाच्या टोकाला सोजरबाईचं घर, त्याला लागून जुन्या पडक्या घराची रिकामी जागा. सोजरबाई धनगराची. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगा बन्सी भोसरीला कारखान्यात. दारात चार शेळ्या. बाई उंच, वाळकी. मामा सायकलवरून उतरायच्या आत तिची उलटतपासणी सुरू.

“कोण गाव?”

“दौंड. रेल्वेत हाय. मूळ गाव ठावं न्हाई, जात ठावं न्हाई, धर्मानं ख्रिस्ती, नाव बन्यामीन. पुढचं विचारायच्या आधीच सांगून टाकतो,” मामा म्हणाले. कालचा घाव ओला होता, म्हणून थोडे तोऱ्यातच.

सोजरबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. “आन् दारू?”

“न्हाई.”

“बायको हाय?”

“हाय.”

“भांडती का?”

“रोज.”

“मग बरी हाय. ख्रिस्ती म्हंजी ते पुस्तक वाचता व्हय? मोठ्यानं वाचता का मनात?”

“संध्याकाळी मोठ्यानं वाचतो. बायकोला वाचता येत न्हाई.”

“वाचा, वाचा. दिवेलागणीला माणसाचा आवाज कानावर पडला न्हाई का मला घर खायला उठतं. ह्या शेळ्या काय बोलत्यात? मला गिऱ्हाईक नको, पाव्हणं, मला शेजार पायजे. हाक मारली का ओ देणारा.”

मामांनी पिशवी उघडली, डबा काढला, सुतळी बांधली आणि विहिरीकडं निघाले. बाईनं तो डबा बघितला आणि हसलीच. “ह्या डबड्यानं कवा भरायचं तुमचं पातेलं? घ्या हा पोहरा. दोर नीट धरा, हाताला साल काढतो.”

मामांनी दोर हातात घेतला. ते म्हणतात, क्षणभर सुचेना काय करायचं. बाई आपली शेळी बांधायला निघून गेली होती, बघतही नव्हती.

पोहरा ओढला, पातेलं भरलं, स्टो पेटवला. अर्धा तास, पाऊण तास, दीड तास. चांगदेव खोटं बोलला नव्हता. कासुर्डीपेक्षा जड पाणी. डाळ वाजायला लागली पातेल्यात. सोजरबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती, बघत होती. शेवटी मामांनी स्टो विझवला. कधी नव्हे ते त्यांना त्या डाळीचाच राग आला.

“सोजरबाई,” ते म्हणाले, “जागा चांगली हाय, शेजार बी चांगला. पण बायकोला शब्द दिलाय. डाळ शिजत न्हाई हितं.”

“ह्या पाण्यावर कशी शिजंल? हे पाणी शेळ्यांचं.”

“आन् तुम्ही?”

“आमचं खायचं पाणी वढ्यातल्या झिऱ्याचं. तीन फर्लांग हाय. वाळूत खड्डा हाय, त्यात पाझरून येतं. बहात्तरच्या दुष्काळात बी आटला न्हाई. वाटीवाटीनं भरला, पर भरला.”

मामा म्हणाले, “मग मघाशी सांगितलं का न्हाई?”

“तुम्ही इचारलं का? आले आन् लागले शिजवायला. म्हटलं, शिकलेला माणूस हाय, काय तरी रीत असंल त्याची.” आणि ती अशी हसली, की शेळ्या बिचकल्या. “पाव्हणं, एक सांगा. ज्या गावात विहिरीवर डाळ शिजत न्हाई, त्या गावातली माणसं काय कच्ची डाळ खात्यात?”

“म्हंजी कासुर्डीला…”

“असंल की तिथं बी कुठं तरी झिरा, न्हाई तर लांबची एखादी बारव. बायांना इचारलं का?”

“न्हाई. मालकांनाच विचारलं.”

“मालकाला काय ठावं? त्याला डाळ ताटात दिसती.”

अडतीस वर्षं पाण्याशी काढलेली, आणि एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती. का आली नव्हती, तेही मामांनी मला नंतर सांगितलं. इंजिन जिथं उभं असतं, तिथलंच पाणी पितं. त्याला तीन फर्लांग चालत जाता येत नाही. मामा आपले माणसाच्या घराचा हिशेब इंजिनाच्या रीतीनं करत बसले होते.

मग दोघं ओढ्यावर गेले. जाताना उतार. वाळूत कमरेएवढा खड्डा, तळाशी काचेसारखं पाणी. गावातल्या दोघीतिघी हंडे लावून बसलेल्या. एकीनं विचारलं, “सोजरआत्या, हे कोण?” तर म्हणाली, “बघायला आलाय.” “कुणाला?” “मला! दुसरं कोण हाय?” आणि सगळ्या जणी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. मामांचे कान लाल.

येताना चढ. मामांनी हंडा खांद्यावर घेतला होता. त्यांनी पावलं मोजली नाहीत, पण दोनदा थांबले, हे खरं. प्रेमाबाईच्या गुडघ्यांना हा चढ जन्मात झेपणार नव्हता, हेही तेवढंच खरं.

शेवटची पुरचुंडी सोडली. अर्ध्या तासात डाळ शिजली. सोजरबाईनं भाकरी थापल्या, लसणाचा ठेचा केला, दोघांनी उंबऱ्यातच बसून खाल्लं. खाताना बाई म्हणाली, “जागेत पडकी भिंत हाय ती पाडू नका. तिच्यावर पाठ टेकून बसायला बरं वाटतं. मी बी येत जाईन.” म्हणजे तिच्या बाजूनं ठरलंच होतं.

दुपारी मामा शिरूरला आले. एस्टीला दोन तास अवकाश होता. सायकल टेकवून मिशन कंपाउंडाकडं चालत गेले. फाटकातून आत नाही गेले, बाहेरूनच बघितलं. आत विहिरीवर रहाट होता, तसाच. लहानपणी त्या रहाटाला हात लावायची बंदी होती. पोरं विहिरीत पडतील म्हणून पाणी आचारी ओढायचा, पोरं ओळीत उभी राहायची, ओंजळी पुढं करून. त्यात वाईट काही नव्हतं. माया होती. साळवे आचारी तर बन्यामीनच्या ओंजळीत जरा जास्तच ओतायचा. पण रांगेत उभं राहिलेलं पोर आता अठ्ठावन्न वर्षांचं झालं होतं, आणि रांग अजून संपली नव्हती.

सायकल एस्टीच्या टपावर टाकली आणि दौंडची गाडी धरली. सगळ्या वाटेत मामांच्या मनात एकच, प्रेमाला कसं सांगायचं. भीमेकाठचं लपवावं का? डाळ कुठंच शिजली नाही, एका झिऱ्यावरच शिजली, असं म्हटलं तर कोण तपासायला जातंय? पण चाळीस वर्षांच्या संसारात प्रेमाबाईला खोटं सांगायचे दोन प्रयत्न झाले होते आणि दोन्ही दारातच पकडले गेले होते.

दिवे लागायच्या वेळेला क्वार्टरवर पोचले. प्रेमाबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. पाणी दिलं, पाय धुवायला सांगितलं आणि मग विचारलं, “शिजली?”

मामांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. भीमेकाठची पस्तीस मिनिटं ऐकून प्रेमाबाईंचा चेहरा उजळला. “मग बयाणा देऊन आलात?”

“न्हाई.”

“का?”

मामांनी चहाच्या ग्लासाचं सांगितलं, हौदाचं सांगितलं.

“गडी हौदात ओतणार? वरनं?”

“वरनं.”

प्रेमाबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “आमच्या आईला पाटलाच्या विहिरीवर अशीच वाट बघत उभी राह्यलेली मी बघितलीय. दुपारपातूर.” एवढंच. पुन्हा सूप उचललं, पण तांदूळ निवडेनात.

मग मामांनी करड्याचं सांगितलं. सोजरबाईची उलटतपासणी ऐकून प्रेमाबाई हसल्या. ‘भांडती का’ ऐकून म्हणाल्या, “आन् तुम्ही काय सांगितलंत?” “रोज म्हणून सांगितलं.” “खरं तेच सांगितलंत.” झिऱ्याचं ऐकलं, चढाचं ऐकलं, आणि हसू गेलं. हात आपोआप गुडघ्यावर आला.

“तू येऊन बघ,” मामा म्हणाले. “तुला पटलं न्हाई तर आणखी फिरतो. जून लांब हाय अजून.”

“बघायला येते की. बघायला कोण न्हाई म्हणतंय?” प्रेमाबाई म्हणाल्या. गुडघा दाबत राहिल्या. “ती बाई बरी वाटती मला. वाचून बी दाखवा तिला. पण रोजचं काय? तीन फर्लांग उतरायचं, तीन फर्लांग चढायचं. पाणी कोण आणणार? हे माझे गुडघे?”

त्यावर मामा जे बोलले, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, माझ्या पदरचं त्यात काही नाही:

“मी आणीन. करड्याच्या ज्ञानू सुताराला कावड सांगून आलोय, खांद्याचं माप बी दिलंय.”